फुगा, नळ आणि गप्प झालेला मुलगा

ताई, नमस्कार.

आम्ही भांडुपला टेकडीच्या उतारावर एका खोलीत राहतो. मी, हे, सासूबाई आणि साडेसहा वर्षांचा मुलगा. तो यंदा पहिलीला आहे, शाळा दुपारची. माझी नोकरी फोर्टात. सकाळी ८.१२ ची गाडी, संध्याकाळी घरी पोचायला पावणेआठ. हे एका कंपनीत फिटर आहेत, सध्या दुसरी पाळी.

मुलगा बोलायला लागल्यापासून प्रश्न विचारून भंडावून सोडतो. पाल भिंतीवरून पडत का नाही, चंद्र आपल्याबरोबर का चालतो, कांदा कापला की आपल्याला रडू येतं तर कांद्याला काय होत असेल. मी दमून आलेली असले की कधी फोनमध्ये बघून उत्तर द्यायचे, कधी ‘गप रे बाबा’ म्हणायचे. आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं. त्याआधी नळ फुसफुस करतो. महिनाभर रोज एकच प्रश्न, ‘आई, नळात कोण श्वास घेतं?’ एका पहाटे हा आमच्या आधी उठला आणि वाढदिवसाचा उरलेला फुगा नळाच्या तोंडाला लावून बसला. फुगा फुगला, मग फुटला आणि पाणी थेट सासूबाईंच्या अंथरुणावर. हे रात्री एकला झोपलेले. उठून त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोनच दिवसांनी शाळेच्या डायरीत शेरा आला, ‘वर्गात नको ते प्रश्न विचारतो, पालकांनी समज द्यावी.’ मी वैतागून म्हटलं, ‘आता मला काही म्हणजे काही विचारू नकोस.’

ते त्याने मनावर घेतलं. आज सतरा दिवस झाले, त्याने एकही प्रश्न विचारलेला नाही. जेवतो, शाळेत जातो, टीव्ही बघतो. आधी त्याच्या बडबडीचा त्रास व्हायचा, आता या शांततेची भीती वाटते. ह्यांनाही वाईट वाटतंय. बोलून दाखवत नाहीत, पण परवा मॉलमधल्या एका क्लासचं माहितीपत्रक घेऊन आले. मुलांचं कुतूहल वाढवण्यासाठी ‘समृद्ध शैक्षणिक वातावरण’, वर्षाचे ४२ हजार. आमच्या खोलीत कसलं वातावरण? पिंप, टीव्ही आणि अंथरुणांची वळकटी. सोसायटीचं कर्ज काढून त्याला तिथे घालावं का?

– एक गोंधळलेली आई

*

प्रिय भांडुपकर बाई,

४२ हजार भरू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी आणि दुसऱ्यांदा, खरं सांगते, त्या फुग्यासाठी. परळला पालिकेच्या शाळेत मी एकतीस वर्षं बालवर्ग आणि पहिली-दुसरी घेतली. इतक्या वर्षांत मुलांनी नळाला तोंड लावलेलं पाहिलं, बोट घालून कारंजी उडवलेली पाहिली, नळ चोरीला गेलेलाही पाहिला. पण नळातून येणारी हवा पकडायची म्हणून कुणी फुगा लावलेला पाहिला नाही. जरा विचार करा, पोराने काय काय केलं ते. एक गोष्ट महिनाभर रोज ऐकली. आत जे आहे ते पाणी नाही, हे कुणी न सांगता ताडलं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे कशात तरी धरलं पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं. धरायला योग्य वस्तू शोधली. वेळ गाठण्यासाठी पहाटे पाचच्या आधी उठला, तेही गजर न लावता. आणि फुगा आधी फुगला, मग फुटला, म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्याच क्षणी पाठीत धपाटा बसला. गॅलिलिओला तरी थोडा वेळ मिळाला होता.

नळात श्वास कोण घेतं, ते तुम्हाला सांगते, पण त्याला सांगू नका. पाणीखात्याचा चावीवाला ठरलेल्या वेळेला तुमच्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करतो. पाइपात उरलेलं पाणी उताराने खालच्या नळांतून निघून जातं आणि त्या रिकाम्या जागेत हवा शिरते. पहाटे व्हॉल्व्ह उघडला की येणारं पाणी त्या हवेला पुढे रेटत आणतं. तिला बाहेर पडायला वाट हवी असते, ती तुमच्या मोरीत सापडते. त्यामुळे ‘श्वास’ हा शब्द तसा फारसा चुकलेला नाही.

आता त्या सतरा दिवसांबद्दल. साडेसहा वर्षांच्या मुलाचं कुतूहल सतरा दिवसांत मरत नाही. ते फक्त घरात बोलायचं बंद झालंय. त्याच्या बाजूने बघा. बापाने मारलं, बाईंनी लिहून पाठवलं, आईने तोंडावर नको म्हटलं, आजीचं अंथरूण भिजलं. चारी बाजूंनी एकच निरोप मिळाला आणि शहाण्या मुलाने तो पाळला. तो रुसलेला नाही, तुमचं ऐकतोय. (मात्र जेवण कमी झालंय, रात्री दचकून उठतो, शाळेत जायलाच नको म्हणतो, असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.)

तुमच्या घरात काही नाही, असं तुम्ही म्हणता, तिथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या ब्रिटिश संशोधकांनी चार वर्षांच्या तीस मुलींचं बोलणं टेपवर घेतलं होतं, बालवाडीतलंही आणि घरी आईशी चाललेलंही. १९८४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातल्या निम्म्या मुली कामगारांच्या घरातल्या होत्या. घरी या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत, जिथे खेळणी, चित्रं, वाळूचा हौद आणि प्रशिक्षित बाई, सगळं होतं, तिथे तासाला २. आणि घरी बोलणं चालायचं ते कशावर, तर भांडी घासणं, जेवण, धाकटं भावंड, खिडक्या पुसणाऱ्या माणसाला पैसे का द्यायचे, असल्या गोष्टींवर. मी स्वतः त्या दोनवाल्या गोटातली, म्हणून हे मला झोंबलं होतं. पण खरं आहे ते. मूल प्रश्न विचारतं ते ओळखीच्या माणसाला, ओळखीच्या कामाच्या मध्ये. तुमच्या मोरीत, तुमच्या ओट्यापाशी.

मग क्लासला माझा इतका विरोध का? तिथली माणसं वाईट असतात म्हणून नाही. २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. प्लॅस्टिकच्या पाइपांचं एक विचित्र खेळणं त्यांनी तयार केलं. (पाइपांचंच, बघा.) एक नळी ओढली की ‘चीं’ आवाज यायचा, एक बटण दाबलं की दिवा लागायचा, एका भागातून सूर निघायचे आणि एका नळीत आरसा लपवलेला होता. काही मुलांना बाईंनी नीट दाखवलं, ‘हे बघ, हे असं चालतं,’ आणि ‘चीं’ वाजवून दाखवलं. काही मुलांपुढे ते खेळणं फारसं काही न दाखवता ठेवलं. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं चीं-चीं वाजवत बसली आणि लवकर कंटाळली. ज्यांना शिकवलं नव्हतं ती जास्त वेळ खेळली आणि दिवा, सूर, आरसा त्यांना जास्त सापडला. मोठ्या माणसाने ‘हे असं असतं’ म्हटलं की मूल समजतं, सांगण्यासारखं होतं तेवढं सांगून झालं.

हे वाचायच्या कितीतरी आधी मी ते भोगलं होतं. आमच्या वर्गाच्या खिडकीत एके वर्षी कबुतराने दोन अंडी घातली. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी फळ्यावर कबुतर काढलं, भाग दाखवले, पिल्लू अठराएक दिवसांनी बाहेर येतं हेही सांगून टाकलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं आणि त्यानंतर खिडकीकडे कुणी फिरकलं नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी परत अंडी आली. त्या वेळी माझा घसा बसला होता म्हणून मी काहीच बोलले नाही. मुलं रोज स्टुलावर चढून बघायची. एकीने भिंतीवर खडूने रोज एक रेघ मारायला सुरुवात केली. ‘बाई, दुपारी दुसरंच कबुतर बसतं,’ हा शोध एका मुलाने लावला. नर आणि मादी पाळीपाळीने अंडी उबवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या शिक्षकी आयुष्यातला सगळ्यात चांगला तास घसा बसल्यामुळे झाला, आता काय बोलणार.

तुम्ही फोनमध्ये बघून उत्तर देता, त्यात गैर काही नाही, पण घाई आहे. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, याचं उत्तर फोन दहा सेकंदांत देतो आणि दहा सेकंदांत तो प्रश्न संपतो. त्याऐवजी तुम्ही ‘तुला काय वाटतं?’ म्हटलं तर? हल्ली सगळेच हे सांगतात आणि मुलंही हुशार झालीत, हा आईचा वेळकाढूपणा आहे हे ती ओळखतात. म्हणून मी दुसरं सांगेन. ‘कसं बघता येईल?’ असं विचारा. एखाद्या रविवारी संध्याकाळी गाडीच्या खिडकीतून चंद्र दिसला की रुळांजवळचे खांब, मग लांबच्या इमारती, मग पलीकडचा डोंगर, कोण किती जोरात मागे पळतंय ते मोजा. खांब सुसाट जातो, इमारत हळू, डोंगर जेमतेम. मग चंद्राचा प्रश्न त्याचा तोच पुरा करेल किंवा करणार नाही. राहिला अर्धा तर राहू दे. अर्धा राहिलेला प्रश्न मुलं खिशात घेऊन फिरतात.

आता तुमच्या खोलीकडे येऊ. पिंप, टीव्ही, वळकटी असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला हसू आलं. मीही चाळीतली, आमच्याकडे तर टीव्हीही नव्हता. पिंप म्हणजे प्रयोगशाळा आहे हो. पिंपात काय तरंगतं आणि काय बुडतं? रिकामी वाटी तरंगते आणि तीच तिरपी केली की का बुडते? उपडा पेला सरळ खाली दाबला तर आत पाणी का शिरत नाही? (हा तर त्याच्या नळाचाच सख्खा भाऊ.) हे प्यायच्या पाण्याच्या पिंपात नको, नाहीतर सासूबाई मला शिव्या घालतील. भांड्यांच्या पाण्याची बादली चालेल.

एक पत्र्याचा डबा त्याच्या मालकीचा करा, बिस्किटांचा वगैरे. त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवा आणि त्यात काय आहे हे त्याच्याशिवाय कुणी आवरायचं नाही. मी काय घालीन सांगू? बाटल्यांची झाकणं, सुतळी, रबरबँड, खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं टोपण, चिंचोके, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, घरात पडलेलं एखादं भिंग, नरसाळं. आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती लेव्हलची पारदर्शक नळी, दोन-तीन मीटर. गवंडी भिंतीची पातळी बघायला तीच वापरतात. या एका नळीवर माझा फार जीव. नरसाळ्यातून पाणी ओता, मध्ये थोडी जागा रिकामी राहू द्या आणि परत ओता. हवेचा तुकडा पाण्याच्या पुढे पुढे ढकलला जाताना स्वच्छ दिसतो. तुमच्या नळाचं सगळं गुपित त्या नळीत आहे. पण ते दाखवायला जाऊ नका. नळी डब्यात टाका आणि भाजी निवडत बसा.

अवघा खर्च किती होईल तो तुम्हीच काढा. ४२ हजारांशी ताडून बघू नका, राग येईल.

यावरून एक आठवलं, जरा आडवळण आहे पण सांगते. हल्ली ज्याच्या नावावर भल्या थोरल्या फिया घेतात, ते माँटेसोरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये सॅन लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत निघालं, कामगारांच्या चाळीत. आईबाप कामावर, पोरं जिन्यात आणि भिंतींवर, त्यांना आवरायला म्हणून. आपल्याकडे हे काम गिजुभाई बधेकांनी भावनगरला आणि ताराबाई मोडकांनी त्यांच्यासोबत केलं. ताराबाई मूळच्या मुंबईतच जन्मलेल्या. दादरला त्यांनी शिशुविहार काढलं, पण पुढे त्या बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाहिलं की गरिबांची मुलं बालवाडीच्या इमारतीत येत नाहीत. मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण आज सरकारी वाटेल असा वापरतो, तो तिथला. जी मुलं गुरांमागे जायची त्यांच्यासाठी कुरणात शाळा. महागडी परदेशी साधनं परवडण्यातली नव्हती, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं. तेव्हा ‘आमच्याकडे कसलं वातावरण’ असं तुम्ही म्हणालात की मला ताराबाईंच्या वतीने वाईट वाटतं.

सासूबाईंना विसरू नका. त्यांचा आणि मुलाचा दिवसातला सगळ्यात जास्त वेळ एकत्र जातो. त्यांना ‘याला शिकवा’ म्हणाल तर त्या बुजतील. त्याऐवजी त्यांच्या कामात त्याला घुसू द्या. मटकीला मोड आणताना चार दाणे कोरडे ठेवून बघ, विरजण थंडीत उशिरा का लागतं, कुकरची शिट्टी कशाने वर उडते. आजीला कारण सांगता आलं नाही तरी चालेल. ‘आमच्या गावी असं करायचे’ एवढ्यावरून मुलं पुढची दहा कारणं काढतात. मात्र आधी त्यांची समजूत काढा. भिजल्या त्या, धपाटा त्यांच्या नावाने बसला, आणि पत्रात त्यांचं काय म्हणणं ते एका ओळीनेही नाही.

काही गोष्टींत मोकळीक नको, आणि तिथे मी अगदी खडूस आहे. फिटरच्या घरात पोरगं एक ना एक दिवस पाना-पेचकस घेऊन काहीतरी उघडणार. उघडू दे. पण जुना रेडिओ, मिक्सर, इस्त्री द्यायची तर आधी वायर मुळापासून कापून टाका, म्हणजे ती प्लगात जाण्याचा प्रश्नच उरत नाही. जुन्या डब्बा टीव्हीला हात नको, बंद असला तरी आत भार साठून राहिलेला असू शकतो. मोबाइलची बॅटरी कधीच उघडायची नाही, ती पेट घेते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. आणि घड्याळ, खेळणी, रिमोट यांत येणाऱ्या बटणाएवढ्या गोल बॅटऱ्या कुलपात ठेवा. मुलाने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा केळं भरवत, वाट बघत बसायचं नसतं, तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

शाळेचा शेरा. ‘नको ते प्रश्न’ हे शब्द मला आवडले नाहीत, पण त्या बाईंची बाजूही मला ठाऊक आहे. कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. मी पन्नास-पन्नास मुलं घेतलेली आहेत. एकाने नळाचं काढलं की एकोणपन्नास जण नळाकडे धावतात. तुम्ही भांडायला जाऊ नका आणि माफीही मागू नका. शनिवारी पाच मिनिटं भेटा आणि फुग्याची गोष्ट जशीच्या तशी सांगा. शिक्षिका असतील तर हसतील. मग विचारा, रोज शाळा सुटताना त्याने एकच प्रश्न विचारला तर चालेल का? त्याला दिवसभरातून एक निवडावा लागेल, आणि हे निवडणं त्याच्या दृष्टीने मोठं काम आहे. बाई नाहीच म्हणाल्या तर तो प्रश्न घरी आणायचा. त्यासाठी वही केलीत तर चालेल, पण त्याला अजून पुरतं लिहिता येत नसणार, तेव्हा चित्र काढू दे आणि शुद्धलेखन तपासू नका. तेवढा एक मोह आवरा.

चांगल्या प्रश्नाला चॉकलेट, स्टार, शाबासकीची चिठ्ठी, यातलंही काही नको. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीत पाहिलं, की ज्या मुलांना चित्र काढण्याआधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे आधीपेक्षा कमी वळली. चॉकलेटसाठी विचारलेला प्रश्न चॉकलेटबरोबर संपतो.

बाहेर कुठे न्यायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माहितीपत्रकात ‘शैक्षणिक सहली’ असणारच, म्हणून सांगते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र जरूर दाखवा, तिथे वस्तूंना हात लावायला देतात. राणीच्या बागेतले पेंग्विन त्याने कदाचित पाहिलेही असतील. पण माझा भर आहे तो जवळच्या एकाच जागी परत परत जाण्यावर. आणि तुम्ही राहता कुठे? भांडुपला! मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. त्यातले विहार आणि तुळशी तुमच्या डोंगरापलीकडे, बाकीचे तानसा, भातसा, वैतरणेकडचे, काही शंभर किलोमीटरवर. शहराला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं बरंचसं तुमच्याच भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं. तानसाची धरणभिंत १८९२ सालची. तिथून आलेल्या माणसापेक्षा उंच जलवाहिन्या मुलुंड-भांडुपकडून शहरात शिरतात. नुसतं त्या पाइपांच्या कडेने बापलेकांनी एका रविवारी चालायचं. मोठ्या पाइपांवर मध्ये मध्ये बसवलेले एअर व्हॉल्व्ह असतात, आत अडकलेली हवा बाहेर सोडण्यासाठी. ते कशाला असतात हे ह्यांना सांगायची गरज नाही, फिटर आहेत ते. आणि हिवाळ्यात भांडुप पूर्वेला, पंपिंग स्टेशनच्या बाजूला, खाडीत रोहित पक्षी उतरतात. पाणी चढलं की ते जागा बदलतात. भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आज दिसलेले उद्या त्याच वेळी तिथेच दिसतील असं नाही. हेही त्याला आधी सांगू नका.

तर आता ह्यांच्याबद्दल. धपाटा घातला याचं त्यांना वाईट वाटतंय आणि ते त्यांना बोलता येत नाही, म्हणून माहितीपत्रक आलं. माझ्या वडिलांची पिढी तर खाऊ आणून माफी मागायची. ४२ हजारांचा खाऊ मात्र जरा जास्तच. मुलाला त्यांच्याकडून क्लास नकोय. त्या पहाटे काय झालं, ते ज्याला नीट समजतं असा एकच माणूस तुमच्या घरात आहे, दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यातच असतो, आणि नेमका त्यानेच मारलं. तुम्ही ‘विचारू नकोस’ म्हणालात ते तुम्ही मागे घ्या. एका वाक्यात, जेवताना, ‘मी चुकले, मला तुझे प्रश्न हवेत’ एवढं पुरे. तो लगेच काही विचारणार नाही, त्यावर ‘आता विचार ना’ म्हणून पाठीस लागू नका. बाकीचं ह्यांच्यावर सोपवा.

त्यांची सुट्टी असेल त्याच्या आदल्या रात्री त्यांनीच फुगा आणायचा. काही बोलायचं नाही. सासूबाईंचं अंथरूण मोरीपासून लांब, भिंतीकडे. पहाटे पावणेपाचला त्याला हलकेच उठवायचं, मोरीत दोघांनी उकिडवं बसायचं. वाढदिवसाचा पातळ फुगा नको, जाड रबराचा बघा, आणि रात्रीच दोन-तीनदा फुगवून सैल करून ठेवा, नाहीतर नळाच्या तोंडावर चढवताना फाटतो. नळ थोडाच उघडायचा, तोटीवर हात मुलाचा. आत गुडगुड ऐकू आली की ताबडतोब बंद. आणि फुग्याच्या तोंडाला गाठ मारायला दोरा आधीच कापून ठेवा, ऐन वेळी सापडत नाही.